भावाच्या कानाआड

ओवाका बेट, वावाऊ, टोंगा
११ फेब्रुवारी १९९६

लुसेआने पोरी,

तुझी आजी जिवंत आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू घाबरत वाचणार नाहीस. दात दोनच उरलेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. बाकी देवाची कृपा. पत्र नेहमीसारखं पाद्रीबाई अकानेसी लिहितेय. मी बोलते, ती लिहिते आणि तिला नको वाटेल ते गाळते, असा मला संशय आहे. (गाळत नाही. – अकानेसी)

तुझं तिसरं पुस्तक नाताळानंतरच्या बोटीनं आलं. वरच्या चित्रातला माणूस उघडा उभा आहे. मी विचारलं, याचा शर्ट वाळत घातलाय का. अकानेसी म्हणाली, प्रेमाच्या पुस्तकांवर असंच असतं.

आम्ही ते झाडाची साल कुटून कापड करायच्या घरात वाचतो. आम्ही बायका मोगऱ्या चालवतो आणि अकानेसी इंग्रजी वाचून आपल्या भाषेत सांगते. दाराशी एकीला राखणीला बसवावं लागतं, कारण आत कुणाची ना कुणाची बहीण असतेच. परवा ती नायिका त्याच्या होडीत चढते तिथे ऐन रंगात आलो होतो आणि राखणवालीला लागली डुलकी. मेलेनाइतेचा भाऊ नारळ मागायला थेट दारात. अकानेसीनं श्वाससुद्धा न घेता त्याच पानावरून बायबलातली वंशावळ म्हणायला सुरुवात केली. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. तो बिचारा डोकं झुकवून सगळे बापजादे ऐकून गेला. मेलेनाइते सालीत तोंड खुपसून बसली होती.

पुस्तक आवडलं. पण तुझा नायक तिला फुलं देतो, गाणं म्हणतो, आणि तिच्या आईला एक कंदसुद्धा आणून देत नाही. असल्याला मी मुलगी दिली नसती.

आता कामाचं. फेलेतीला अजून तू चर्चच्या बायकांसाठी धडे लिहितेस असंच वाटतं ना? वाटू दे. बहिणीच्या तोंडून किंवा तिच्यासमोर असला प्रेमाबिमाचा शब्द कानावर पडला की भावानं उठून जायचं, ही आपली रीत. खोलीतून उठणं सोपं असतं गं. पण तो तर तुझ्याच घरात राहतो. तुझा नवरा गेल्यापासून तुझ्या लेकीला, लोसेला, शाळेत सोडतो, आणतो, तिला जेवू घालतो, तिचा ताप-खोकला बघतो, तेव्हा कुठे तू कामावर जातेस आणि उरल्या वेळात पुस्तकं लिहितेस. तो उठला तर तुझं घर एका खांबावर येईल. तेवढं जप.

लोसेला पापा.

तुझी आजी तोआकासे

*

मांगेरे, ऑकलंड
३ मार्च १९९६

आजी,

तुझं पत्र वृद्धाश्रमाच्या कपड्यांच्या खोलीत वाचलं. माझं सगळं तिथेच चालतं. सकाळी म्हाताऱ्यांना आंघोळी घालते, चहाच्या सुट्टीत घड्या केलेल्या चादरींवर वही ठेवून लिहिते. काल दोन पानं लिहून झाली आणि तीच चादर कुणीतरी वहीसकट उचलून नेली. वही मिस्टर पार्सन्सच्या पलंगावर सापडली. त्यांनी वाचली होती. म्हणाले, पुढे काय होतं?

हसू आलं ना तुला? मला येत नाही आता.

प्रकाशनाची जॅनिस म्हणते, लिहिणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे लोकांना दिसणं. पहिली दोन पुस्तकं खोट्या नावानं गेली, कुणी विचारलं नाही. या तिसऱ्यात आपली बेटं आहेत, म्हणून त्यांनी माझं खरं नाव घातलं आणि मागे फोटो लावला. आता दर शनिवारी कुठल्यातरी दुकानात मी टेबलामागे बसते. गेल्या शनिवारी एक बाई आली, तिला स्वयंपाकाची पुस्तकं कुठे आहेत ते हवं होतं. घरी आले तर फेलेतीनं लोसेची वेणी घातली होती, कंद शिजवले होते, माझा गणवेश इस्त्री करून दारामागे लावला होता. मी म्हणाले, चर्चच्या बायकांची बैठक लांबली. तो म्हणाला, जेव.

नवं पुस्तक जूनमध्ये द्यायचंय. अर्धंही झालेलं नाही.

आणि आता हे. रेडिओवर आपल्या भाषेचा तास असतो ना, बुधवारी संध्याकाळचा, त्यात जॅनिसनं मला बसवलंय. दहा एप्रिलला. ऑकलंडमधलं आपलं एक घर नाही जिथे तो लागत नाही. तिनं पुस्तकातलं वाचायचं पानसुद्धा खूण करून पाठवलंय. होडीतलं पान. मी नाही म्हटलं तर म्हणाली, जी लेखिका स्वतःच्या पुस्तकासाठी तोंड उघडत नाही तिचं पुढचं पुस्तक आम्ही कशाला घ्यावं.

फेलेतीच्या पावाच्या गाडीत रेडिओ दिवसभर चालू असतो. त्या संध्याकाळी ऐकू नकोस हे त्याला कसं सांगू? का, हे न सांगता? आणि का, हे सांगितलं तर सगळंच सांगितलं. आजी, तूच काहीतरी सांग. मला काही सुचत नाही.

लुसेआने

*

ओवाका
२० मार्च १९९६

लुसेआने,

बोट वादळानं अडकली होती, म्हणून तुझं पत्र उशिरा मिळालं, आणि हे किती उशिरा मिळेल कोण जाणे.

तू त्याला काही सांगायचं नाहीस. बहिणीनं स्वतः सांगणं म्हणजे तोच शब्द पुन्हा त्याच्या तोंडावर उच्चारणं. चर्चच्या कारभाऱ्याची बायको तुझ्या ओळखीची आहे ना? तिच्याकडे जा, बरोबर काहीतरी गोड ने, आणि नुसतं म्हण, दहा तारखेच्या संध्याकाळी माझ्या भावाला कुठेतरी कामाला लावा, जिथे रेडिओ नाही. ती कारण विचारणार नाही. बाईमाणसाला बरोबर कळतं. ती नवऱ्याला सांगेल, तो फेलेतीला चर्चच्या छपरावर चढवेल. आपल्यात भावाला असंच वळवतात. तो कुठे जातोय तेवढं त्याला कळावं, आपण त्याला का पाठवलं ते कळू नये.

माझ्या भावाला मी आयुष्यभर असंच वळवलं. तो मेला तेव्हा त्याची समजूत अशी, की त्याची बहीण जगातली सगळ्यात साधी बाई. अकानेसी हसतेय. लिही म्हटलं तर हसतेय.

त्या मिस्टर पार्सन्सना सांग, पुढे काय होतं ते मलाही हवंय.

आजी

*

मांगेरे
९ एप्रिल १९९६

आजी,

तुझं पत्र काल मिळालं. उशीर झाला होता.

कुणी पाहुणा आजारी पडला म्हणून रेडिओवाल्यांनी मला दोन आठवडे आधीच बोलावलं. सकाळी फोन, संध्याकाळी कार्यक्रम. मी ठरवलं, फेलेती त्या वेळी पाव पोचवून मित्रांबरोबर कावाच्या मुळीचं पाणी प्यायला क्लबात गेलेला असतो, तिथे रेडिओ नसतो. देवावर हवाला ठेवून गेले.

तिथला माणूस फार आनंदात होता. आपल्या वावाऊची पोर, आपली लेखिका, असं काय काय म्हणाला. मग म्हणाला, वाचा. मी इंग्रजीत वाचलं. मला वाटलं, इंग्रजीत आहे, निम्म्यांना कळणार नाही. तर त्यानं वाक्यावाक्याला थांबवून आपल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. भरघोस आवाजात. शाळेतल्या इंग्रजीचा सगळा सभ्य आडपडदा गेला. आपल्या भाषेत ते सगळं उघडं पडलं.

फेलेती त्या वेळी गाडीत होता. वाटेत कारभारी सिओसिफा आणि त्यांची बायको भेटली, म्हणून त्यांना घरी सोडायला निघाला होता. माझं नाव ऐकल्यावर कारभाऱ्यांनी अभिमानानं आवाज मोठा केला. आता मोठ्या माणसाच्या हाताखालचा रेडिओ बंद करणं त्याच्यानं होईना, आणि तिथे बसणंही होईना. गाडी मांगेरेच्या पुलावर होती. त्यानं पुलाच्या मधोमध गाडी थांबवली, चावी तशीच ठेवली, दार उघडलं आणि चालायला लागला. मागे गाड्यांची ही रांग. कारभाऱ्यांना गाडी चालवता येत नाही. कारभारीणबाई खिडकीतून ओरडत होत्या, आणि रेडिओवर मी वाचतच होते.

हे मला कारभारीणबाईंनी सांगितलं. त्यानं काहीही सांगितलं नाही. मी घरी आले तेव्हा तो लोसेला झोपवून बाहेर पायरीवर बसला होता. मी आत गेले. पावाच्या कंपनीनं दुसऱ्या दिवशी त्याला काढून टाकलं. मग त्यानं अंगणातलं गवत कापलं, गळका नळ बदलला, लोसेच्या बुटांना नवे बंद घातले, आणि रविवारी चर्च सुटल्यावर तिला म्हणाला, आजीकडे जाऊन येतो. माझ्याकडे बघितलं नाही. बघू शकलाच नसता. मीही बघितलं नाही.

आता लोसेला शेजारीण शाळेत सोडते. कधी सोडते, कधी विसरते. जॅनिसचा फोन आला, कार्यक्रम फार गाजला म्हणते.

लुसेआने

*

ओवाका
३० एप्रिल १९९६

लुसेआने,

तो आलाय. रडू नकोस, ऐक.

मी विचारलं, कशाला आलास? म्हणाला, तुझ्या चुलीच्या घराचं छप्पर गळतं म्हणून. छप्पर गळत नाही. गेल्या वर्षीच नवे पत्रे घातलेत. तरी त्यानं सगळे पत्रे उतरवले, उन्हात मांडले, पुसले आणि आता तेच परत बसवतोय. ठोकाठोकी ऐकून अख्खं गाव येऊन बघून गेलं. मी चूल उघड्यावर पेटवते. नातवाच्या मनात सलत असेल तर त्याला ठोकू द्यावं.

तुझ्यावर रागावलेला नाही तो. राग असता तर बरं होतं, राग जेवला की उतरतो. त्याला तुझी लाज वाटत नाही. त्याला वाटतं, तो समोर असला की तुला लाज वाटेल. म्हणून तो समोरून उठला. पुलावरून उठला, मग घरातून, मग देशातून. बेवकूफ आहे, पण सभ्य बेवकूफ आहे.

वेळ लागेल. तू त्याला काही लिहू नकोस. मला लिही. मोकळेपणानं लिही, पुस्तकाचंसुद्धा लिही, वाचायला अकानेसी आहे. आत कोंडून ठेवलंस तर वेड लागेल.

आणि त्या जॅनिसला सांग, गाजणं पुरे.

आजी

*

मांगेरे
१९ मे १९९६

आजी,

मोकळेपणानं लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. नव्या पुस्तकातलं पहिलं चुंबनच जमत नाहीये. चार वेळा लिहिलं. दर वेळी ते दोघं जवळ आले की मला पुलावरचं उघडं दार दिसतं, आणि मी त्यांना पुन्हा लांब करते. जॅनिस म्हणते, वाचक ऐंशी पानं वाट बघतील, नव्वद नाही. मी तिला काय सांगू, की आता नायिका नुसती कपडे वाळत घालते आणि नायक दुसऱ्या बेटावर बसून राहतो?

शनिवारी पुन्हा दुकान आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी शहराबाहेरचं ग्रंथालय. लोसेला बरोबर नेते, टेबलाखाली बसवते. ती कंटाळते. परवा म्हणाली, घसा दुखतोय. मी म्हणाले, मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर. फेलेती असता तर डॉक्टरकडे घेऊन गेला असता. मला कामावरून रजा नाही, आणि होती ती पुस्तकापायी संपली. बस आली. उरलेलं नंतर लिहिते.

३ जून, हॉस्पिटल

आजी, वरचं सगळं विसर.

लोसेचा घसा आपोआप बरा झाला. मला वाटलं, गेलं. मग गुडघा सुजला, मग घोटा, मग दुसरा गुडघा. ग्रंथालयात मी बोलत होते आणि ती टेबलाखालून बाहेरच येईना. उभंच राहता येईना तिला. बायका टाळ्या वाजवत होत्या आणि मी तिला उचलून पळाले.

डॉक्टर म्हणाले, घशाच्या दुखण्यातून येणारा सांध्यांचा ताप आहे. तो हृदयाला लागतो. तिच्या हृदयाला लागलाय. किती, ते अजून सांगत नाहीत. पलंगावरून उठायचं नाही, धावायचं नाही, हसायचंसुद्धा जपून. कित्येक आठवडे. त्यानंतर मोठी होईपर्यंत दर महिन्याला इंजेक्शन. वेळेवर आणलं असतं तर घशावरच औषध लागू पडलं असतं, असं ते म्हणाले. ओरडून नाही, हळूच म्हणाले. ते जास्त लागलं.

ती सारखी मामाला विचारते. आजी, फेलेतीला पाठव. मी त्याच्यासमोर येणार नाही, मी कामावर असेन तेव्हा तो तिच्याजवळ बसेल, मी आले की तो जाईल. तो म्हणेल तसं. पुस्तकं बंद कर म्हणाला तर बंद करीन. फक्त पाठव. मी एकटी आहे आणि माझ्यानं हे होत नाही.

लुसेआने

*

ओवाका
१६ जून १९९६

लुसेआनेस आशीर्वाद.

पत्र मिळालं. अकानेसी लेकीच्या बाळंतपणासाठी अचानक नुकुआलोफाला गेली, म्हणून तुझं पत्र फेलेतीनं वाचलं आणि हेही तोच लिहितोय. अक्षर बघून तुला कळलंच असेल. तो म्हणाला, तू बरी आहेस, लोसे बरी आहे, सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. ऐकून जीव थंड झाला.

इकडे सगळं ठीक. छप्पर पूर्ण झालं, आता डुकरांचं कुंपण चाललंय. आपली काळी डुकरीण व्यायली, आठ पिलं, त्यातलं एक अगदी पाद्रीसाहेबांच्या तोंडवळ्याचं. हे लिहायला फेलेती तयार नव्हता, मी लिहायला लावलं. कंद यंदा चांगले आलेत. फेलेती म्हणतो, नाताळापर्यंत इथेच राहीन. मी म्हटलं, राहा बापा.

तू काम कर, जेव, रविवारी चर्चला जा. धडे लिहीत राहा.

लोसेला सांग, पिलांची नावं तिनं ठेवायची आहेत.

आजी तोआकासे

*

मांगेरे
३ जुलै १९९६

आजी,

हे पाकीट पाद्रीबाईंच्या नावानं पाठवते आहे, म्हणजे दुसऱ्या कुणी ते उघडणार नाही. त्या परत येतील तेव्हा तुला मिळेल.

फेलेतीनं तुझ्यापाशी खोटं सांगितलं. मी काय लिहिलं होतं ते त्याला माहीत आहे, आणि तरी त्यानं 'लोसे बरी आहे' असं सांगून तुला डुकरांचं लिहायला लावलं. नाताळापर्यंत राहीन म्हणतो. माझ्यावर एवढा राग धरला असेल तर धरू दे, मी त्याच लायकीची आहे. पण लोसेनं त्याचं काय केलंय? तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिनं पलंगावर पडल्या पडल्या आठ नावं ठेवली आणि विचारलं, मामानं माझ्याबद्दल काहीच का लिहिलं नाही? मी म्हणाले, जागा संपली असेल.

जॅनिसला फोन करून सांगितलं, पुस्तक होणार नाही. तिला वाईट वाटलं असावं. लिहिलेली पानं वृद्धाश्रमाच्या रद्दीत घातली. आता दुपारी हॉस्पिटलात जाते, लोसेच्या पलंगाशी बसते, तिच्या छातीकडे बघत राहते. वर खाली, वर खाली. यापलीकडे मला काही येत नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

लुसेआने

*

ओवाका
२२ जुलै १९९६

लुसेआने, माझ्या पोरी,

अकानेसी काल परत आली. तुझं पाकीट तिच्या घरी पडलं होतं. ती धावत आली आणि मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, ही काय बोलतेय? कसला पलंग? कुणाची छाती? मग मी आधीचं पत्र काढलं. ते माझ्या उशीखालीच होतं. फेलेतीनं दिलं तेव्हापासून मी रोज त्यावर डोकं ठेवून झोपत होते, नातीचं पत्र म्हणून. हाताला कागद लागायचा आणि मला बरं वाटायचं. शाळेच्या वाटेवर माझ्या आजारी आजीची खाट आडवी आली, म्हणून मी अक्षरं शिकले नाही, आणि आजवर माझं त्यावाचून कधी अडलं नव्हतं. काल अडलं. माझी पणती माझ्या कानाखाली आजारी होती आणि मी डुकरांची पिलं मोजत होते.

अकानेसीनं ते शेवटपर्यंत वाचलं. तिलाही मध्ये दोनदा थांबावं लागलं.

मग मी फेलेतीला हाक मारली. त्याला विचारलं, हे पत्र तू कुठपर्यंत वाचलंस? त्यानं मान खाली घातली. म्हणाला, पहिल्या ओळीपर्यंत. तुझी पहिली ओळ, पोरी. ते चुंबन जमत नाहीये. तो शब्द दिसल्याबरोबर त्यानं कागद मिटला, जसा तो पुलावर गाडीतून उतरला तसाच. पुढचं त्यानं बघितलंच नाही. आणि मी अंगणातून विचारतेय, काय म्हणते, काय म्हणते, तर मला काय सांगणार? सगळे पत्रात जे लिहितात तेच त्यानं सांगितलं. सगळ्या बऱ्या आहेत, नमस्कार.

त्यानं राग धरला नव्हता. तुझा मान राखला होता. आणि त्या मानापायी पोर तिकडे पडून राहिली. आता सांग, मी कुणाला मारू?

मी अकानेसीला म्हटलं, हॉस्पिटलापासूनचं वाच, याला ऐकव, वरचं सोड. तिनं वाचलं. तो उभा होता. 'ती सारखी मामाला विचारते' इथे आली आणि तो खाली बसला. तिनं संपवलं तरी उठला नाही. पुरुषमाणूस मातीवर डोकं टेकून रडतो तेव्हा काय करायचं असतं ते मला आजवर कुणी सांगितलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. कुंपण अर्धं राहिलंय, पिलं सगळीकडे पळतात, कुणाचं लक्ष नाही.

तो उद्याच्या बोटीनं निघतोय. हे पत्र त्याच्याच हाती देतेय. कसाव्याच्या खळीनं घट्ट चिकटवलंय, तो उघडणार नाही, याची शपथ घ्यायची गरज नाही. लोसेच्या पलंगावर घालायला सालीचं कापड पाठवतेय. तिच्या हृदयाबद्दल मला काही कळत नाही. देवाला विचारते, तो सांगत नाही. सध्या तू बघतेस तशी बघत राहा, वर खाली. आता तुम्ही दोघं बघाल.

आता ऐक, हे महत्त्वाचं. यापुढे पाकिटात दोन कागद घालायचे. एकावर घरचं. लोसे, ताप, पाऊस, कोण मेलं. तो कुणीही वाचला तरी चालेल. दुसऱ्यावर पुस्तकाचं, वेगळा दुमडलेला, त्यावर अकानेसीचं नाव. इतकी साधी गोष्ट आपल्या एवढ्या शहाण्या घरात कुणाला सुचली नाही.

आणि पानं रद्दीत घातलीस ती गेली. पण तुला आठवत असतील ना? मी उभ्या आयुष्यात काही लिहून ठेवलं नाही, तरी माझं काही हरवलेलं नाही. पुन्हा लिही. हॉस्पिटलच्या खुर्चीत लिही. लोसे झोपली की लिही. त्या जॅनिसला सांग, पुस्तक मिळेल, उशिरा मिळेल, पण टेबलामागे बसायला आणि रेडिओवर बोलायला मी येणार नाही, माझी मुलगी आजारी आहे. ती नाही म्हणाली तर नाही म्हणू दे. इथे साल कुटणाऱ्या बायका आहेत, आम्ही ऐकू. त्यासाठी विकायला फिरावं लागत नाही. तुझं पुस्तक जगलं नाही तर मला दुःख होईल, पण तू ते लोसेच्या आधी मांडू नकोस, आणि तिच्या नावानं मारूनही टाकू नकोस. ती मोठी झाल्यावर तिला कळेल आणि ते ओझं तिच्या छातीवर बसेल. तिच्या छातीवर आधीच पुरेसं आहे.

तो तुझ्या दाराशी येईल. घंटा वाजवणार नाही, उभा राहील. दार उघड. माफी मागू नकोस, त्यालाही मागू देऊ नकोस. पुलाचं बोलू नकोस, पत्राचं बोलू नकोस, रडू नकोस. रडायचं असेल तर आधी रडून घे. त्याला एवढंच विचार, जेवलास का.

'नाही' म्हणाला, तर समज तो घरी आला.

'जेवलो' म्हणाला, तरी वाढ.

तुझी आजी
तोआकासे